साधं बुलबुल

मुलांनो, एखाद्या माणसाला तुम्ही केवळ त्याच्या कपड्यांवरून ओळखले आहे काय? ईदच्या दिवशी जरीची शेरवानी घातलेला शेजारी दुसऱ्या दिवशी मळक्या सदऱ्यात समोर आला, तर क्षणभर आपण त्याला ओळखत नाही. मग हसतो आणि सलाम करतो. माणसांच्या बाबतीत ही चूक हसण्यावारी जाते. पण एका पाखराच्या बाबतीत मी हीच चूक केली होती आणि ती हसण्यावारी गेली नाही. ती हकिगत आज तुम्हांला सांगणार आहे.

ही गोष्ट 1986 सालच्या जून महिन्याची. मी तेव्हा तेरा वर्षांचा होतो. सातवीची परीक्षा देऊन उन्हाळ्याच्या सुट्टीत मी अमरावतीहून मामूंच्या गावी गेलो होतो. अमरावतीहून एस.टी.ने परतवाड्याला उतरायचे आणि तेथून पुढे काही मैल बैलगाडीने जायचे. समोर मेळघाटचे डोंगर दिसू लागले की गाव आले असे समजायचे. मामू परतवाड्याच्या एका आरा मशीनवर कामाला होते. सकाळी सायकलने जात आणि संध्याकाळी अंगाला सागाच्या भुशाचा वास घेऊन परत येत. घरी नानी, मामी आणि माझ्याहून एक वर्षाने लहान असलेला मामेभाऊ. आम्हा दोघांची जोडी दिवसभर नाल्याकाठी भटकत असे.

आमच्या दोघांच्या खिशात एकेक गुलेल असे. मराठीत तिला बेचकी किंवा गलोल म्हणतात. पेरूच्या झाडाचे दुबेळके, सायकलच्या जुन्या ट्यूबची रबरे आणि चपलेच्या चामड्याचा तुकडा, एवढ्यावर ती तयार होई. मामेभावाचा नेम फार चांगला होता. माझा नेम मात्र यथातथाच. पण मी शहरातून आलेला, इंग्रजीची चार अक्षरे अधिक वाचलेला. त्यामुळे कोणत्या पाखराला काय म्हणतात हे सांगण्याचे काम माझ्याकडे आले होते. ते मला कोणी दिले नव्हते. मीच ते घेतले होते.

एके दिवशी दुपारी आम्ही नाल्याच्या वळणावर जांभळे वेचत होतो. ऊन मी म्हणत होते. नाल्याला पाणी थोडेच होते, पण दोन्ही काठांना जांभूळ, उंबर आणि बांबूची दाट सावली होती. इतक्यात त्या सावलीतून काहीतरी पांढरेशुभ्र सळसळत गेले. मला वाटले, वाऱ्याने कोणाची तरी ओढणी उडाली. पण वारा तर नव्हताच! ती 'ओढणी' समोरच्या फांदीवर जाऊन बसली, तेव्हा कळले की तो एक पक्षी आहे.

काय सांगू तुम्हांला त्याचे रूप! अंगाने तो बुलबुलाएवढाच होता. डोके काळेभोर, चकचकीत. डोक्यावर टोकदार तुरा. उर्दूत आपण त्याला कलगी म्हणतो. बाकीचे सगळे अंग दुधासारखे पांढरे. आणि शेपटीतून निघालेली दोन लांब, पातळ पिसे, शरीराहूनही लांब, फितीसारखी खाली लोंबत होती. तो जरा वेळ ताठ बसला. मग एकदम झेपावला, हवेतच एक किडा टिपला आणि पुन्हा फांदीवर येऊन बसला. त्या झेपेबरोबर त्या दोन्ही फिती हवेत लहरल्या. आम्ही दोघे जांभळे तोंडात धरून तसेच उभे राहिलो.

घरी येऊन नानीला सांगितले. नानी विडा लावत होती. ती म्हणाली, "अरे, तो तर शाह बुलबुल. माझ्या लहानपणीही येत असे. पाऊस जवळ आला की नाल्यात दिसतो. त्याला दगड मारू नका बरं, बादशहा आहे तो!"

दुसऱ्याच दिवशी मी गावातल्या सगळ्या मुलांना नाल्यावर गोळा केले आणि फर्मान काढले, "शाह बुलबुलवर कोणी गुलेल चालवायची नाही. जो चालवील तो आपला दोस्त नाही." सगळ्यांनी कान पकडून शपथ घेतली. मामेभावाने सर्वांत आधी घेतली. मला फार अभिमान वाटला. जणू काही त्या नाल्याचा मीच राखणदार झालो होतो.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी ती घटना घडली.

आम्ही दोघेच नाल्यावर होतो. शाह बुलबुल त्या दिवशी दिसत नव्हता. पण एका खालच्या फांदीवर दुसरेच एक पाखरू होते. पाठ आणि पंख विटकरी, तांबूस. पोट मळकट पांढरे. गळा राखाडी. डोके काळे आणि त्यावर लहानसा तुरा. शेपटी मात्र आखूड, चारचौघा पाखरांसारखी. मामेभावाने गुलेल ताणली. मग थांबला आणि माझ्याकडे पाहून हळूच विचारले, "भाईजान, हे कोणतं आहे? मारू का?"

मुलांनो, या प्रश्नाचे खरे उत्तर 'मला माहीत नाही' असे होते. हे तीन शब्द बोलायला काय वेळ लागतो? पण ते माझ्या जिभेवर आले नाहीत. मी तुरा पाहिला आणि मोठ्या ऐटीत म्हणालो, "हे? हे साधं बुलबुल आहे. मार!"

नेम चुकला नाही.

आम्ही धावत गेलो. पाखरू वाळक्या पानांवर पडले होते. मी ते हातात घेतले. ते अजून ऊबदार होते. जवळून पाहिल्यावर मात्र माझ्या पोटात कसेसेच झाले. बुलबुलाच्या शेपटीखाली लाल ठिपका असतो, तो येथे नव्हता. चोच बुलबुलासारखी नव्हती. ती मुळाशी रुंद आणि चपटी होती आणि तिच्या कडेला राठ केस होते. डोळ्याभोवती फिकट निळसर कडे होते. डोक्याचा काळा रंग उन्हात निळा-हिरवा चमकत होता. असे डोके मी आधी पाहिले होते. कोठे पाहिले होते, ते आठवायला मला वेळ लागला नाही.

इतक्यात मागून शेरड्यांच्या गळ्यातल्या घंटा वाजल्या. गावातले एक म्हातारे गुराखी तेथे आले. त्यांना आम्ही सगळे आजोबा म्हणत असू. माझ्या हातातले पाखरू पाहून ते काही बोलले नाहीत. काठीने त्यांनी वरची फांदी दाखवली. पाण्यावर झुकलेल्या एका बारीक फांदीच्या बेचक्यात एक इवलेसे घरटे होते. चहाच्या कपाएवढे, खाली निमुळते होत गेलेले. बारीक गवताचे आणि तंतूंचे, आणि बाहेरून कोळ्याच्या जाळ्याने लिंपलेले. आजोबा म्हणाले, "ही त्या पांढऱ्याची बायको होती, पोरांनो. अंडी हायेत आत."

आम्ही तेथेच झाडाआड बसून राहिलो. थोड्या वेळाने शाह बुलबुल आला. घरट्याच्या काठावर बसला, इकडेतिकडे पाहिले, एक कर्कश आवाज काढला आणि मग स्वतःच घरट्यात जाऊन बसला. घरटे इतके लहान आणि शेपटी इतकी लांब, की ती पांढरी फीत घरट्याबाहेर खाली लोंबत राहिली. या जातीत नर आणि मादी दोघेही आळीपाळीने अंडी उबवतात, हे मी पुढे पुस्तकात वाचले. त्या दिवशी एवढेच दिसले, की त्याची पाळी संपत नव्हती. मधूनच तो उडून जाई, चार किडे टिपी, परत येई आणि पुन्हा बसे.

संध्याकाळी ही बातमी मामूंच्या कानावर गेली. मामू कधी हात उगारत नसत. त्या दिवशी मात्र त्यांनी मामेभावाला विचारले, "शपथ घेतली होतीस ना? मग मादीला का मारलंस?" तो म्हणाला, "अब्बा, मला वाटलं साधं बुलबुल आहे." मामूंनी त्याच्या गालावर एक चपराक मारली. त्याने माझ्याकडे पाहिले. मी खाली पाहिले. 'मीच त्याला तसे सांगितले होते' हे वाक्य माझ्या घशात अडकले ते अडकलेच. त्यानेही माझे नाव घेतले नाही.

चौथ्या दिवशी आम्ही नाल्यावर गेलो, तेव्हा घरट्यात अंडी नव्हती. शाह बुलबुलही नव्हता. आठवड्याने पाऊस सुरू झाला आणि मी अमरावतीला परत आलो. गुलेल मी मामूंच्या घराच्या आढ्यात खोचून ठेवली होती. ती मी पुन्हा कधी मागितली नाही.

आता तुम्ही विचाराल, की मग त्या पाखराला ओळखायचे तरी कसे? हाच प्रश्न मलाही अनेक वर्षे छळत होता. पुढे मी पुस्तके वाचली, जाणत्यांना विचारले, रानात हिंडलो आणि हळूहळू काही गोष्टी समजल्या.

पहिली गोष्ट ही, की नुसत्या नावावर विसंबू नये. उर्दू-हिंदीत याला शाह बुलबुल किंवा सुलताना बुलबुल म्हणतात, पण हा बुलबुल नव्हे. बुलबुल फळे खातो आणि किडेही खातो. हा मात्र मुख्यतः उडते किडे हवेत टिपून खातो. मराठीत याला स्वर्गीय नर्तक म्हणतात. त्याची शेपटी लहरताना पाहिली, की हे नाव पटते. हिंदीत याचे आणखी एक गोड नाव आहे, दूधराज. मध्य प्रदेशाचा तो राज्यपक्षी आहे. श्रीलंकेत त्याला 'रेदी होरा' म्हणजे कापडचोर म्हणतात. कोणाचे तरी पांढरे कापड चोरून तो पळतो आहे, अशी ती कल्पना. मला ओढणी उडाल्यासारखे वाटले होते, ते काही उगीच नव्हे!

मोठमोठे शास्त्रज्ञही या पाखराच्या बाबतीत फसले. स्वीडनच्या लिनीअस या शास्त्रज्ञाने 1758 साली याला शास्त्रीय नाव दिले, तेव्हा त्याने याला चक्क कावळ्यांच्या प्रजातीत बसवले होते. पुढे याची गणना माशीमार पक्ष्यांमध्ये होऊ लागली, कारण हा माश्या आणि किडे टिपतो. आता शास्त्रज्ञ म्हणतात, की सवयी माशीमाराच्या असल्या तरी याचे कुळ वेगळे आहे. बुलबुल नव्हे, कावळा नव्हे आणि खरा माशीमारही नव्हे! तेव्हा मी तेरा वर्षांचा मुलगा फसलो यात नवल नव्हते. दोष फसण्याचा नव्हता. न विचारता, न पाहता छातीठोकपणे सांगण्याचा होता.

दुसरी गोष्ट ही, की या पाखराचे पोशाख अनेक आहेत. ते नीट लक्षात ठेवा. पहिला पोशाख पांढऱ्या नराचा. तो मी तुम्हांला सांगितलाच आहे. त्याच्या पंखांवर काळ्या रेघाही असतात. दुसरा पोशाख तांबूस नराचा. त्याचे डोके काळे, पाठ आणि शेपटी तांबूस, पण शेपटीच्या फिती तशाच लांब. तिसरा पोशाख तरुण नराचा. तो तांबूस असतो आणि त्याची शेपटी आखूड असते. लांब फिती त्याला दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षी फुटतात. चौथा पोशाख मादीचा. ती तांबूस, आखूड शेपटीची आणि राखाडी गळ्याची. म्हणजे या जातीची जितकी पाखरे रानात असतात, त्यांतली पुष्कळशी 'साधी' दिसणारीच असतात. आपण फक्त बादशहाला ओळखत असलो, तर बाकी सारे घराणे आपल्याला परके वाटते.

मग या चौघांना एकत्र ओळखायचे कशावरून? ज्या खुणा पोशाख बदलला तरी बदलत नाहीत, त्या पाहायच्या. काळे चकचकीत डोके आणि त्यावरचा टोकदार तुरा. डोळ्याभोवतीचे निळसर कडे. विणीच्या दिवसांत नराचे हे कडे ठळक निळे दिसते. रुंद, चपटी चोच. आखूड पाय. या पायांमुळे तो जमिनीवर फारसा उतरत नाही, फांदीवर ताठ बसतो. आणि सर्वांत मोठी खूण म्हणजे त्याची वागणूक. तो सावलीत बसतो, हवेत झेप घेतो, किडा टिपतो आणि परत फांदीवर येतो. दुपारी तो पाण्यावरच्या फांदीवरून डबक्यात सूर मारून आंघोळ करतो. आवाज मात्र रूपाला शोभणारा नाही. एरवी ऐकू येते ते 'च्वे-च्वे' असे खरखरीत ओरडणे. रूप दुरून फसवते, रंग उन्हात बदलतो, पण वागणूक सहसा फसवत नाही.

तिसरी गोष्ट ऋतूंची. नानी म्हणाली होती, "पाऊस जवळ आला की दिसतो." पुढे मी नोकरीनिमित्त मुंबईला आलो. येथील लोक म्हणू लागले, "छे, तो तर थंडीचा पाहुणा. दिवाळीनंतर दिसतो." मला वाटले, दोघांपैकी कोणीतरी एक चूक असणार. पण दोघेही बरोबर होते. ऋतू बदलला की हा पक्षी आपले ठिकाण बदलतो. उन्हाळ्यात काश्मीरच्या खोऱ्यात आणि हिमालयाच्या उतारांवर तो घरटी करतो. मध्य भारतातल्या डोंगराळ रानांतही मे ते जुलैच्या सुमारास त्याची वीण होते. तेव्हा त्याला ओढ्या-नाल्यांच्या काठची दाट सावली लागते, कारण तेथे ओलावा असतो, किडे भरपूर असतात आणि पिलांच्या चोची भरता येतात. थंडी पडू लागली की उत्तरेकडे किडे कमी होतात. मग तेथले पक्षी दक्षिणेकडे उतरतात. काही तर थेट श्रीलंकेपर्यंत जातात. श्रीलंकेत बारा महिने राहणारे नर तांबूसच असतात. तेथे पांढरा कापडचोर दिसला, तर तो हिवाळ्यात आलेला पाहुणा समजावा. थंडीच्या दिवसांत हा पक्षी आमराईत, जुन्या बागांत, बांबूच्या बेटांत आणि पाण्याजवळच्या झाडीतही दिसतो. पुण्याजवळ सिंहगडाच्या पायथ्याशी किंवा मुंबईच्या बोरिवलीतील संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात हिवाळ्यात पक्षी पाहणारे लोक त्याचीच वाट पाहत बसलेले असतात.

म्हणून पाखरू दिसले, की मी वहीत तीन गोष्टी लिहितो : तारीख, जागा आणि ते काय करीत होते ते. रंग त्यानंतर लिहितो आणि नाव सर्वांत शेवटी. नावाची घाई करू नये, हे मी महागात शिकलो आहे.

डॉक्टर सलीम अली यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. आपल्या देशातल्या पक्ष्यांचा अभ्यास करण्यात त्यांनी सारे आयुष्य घालवले. 1941 साली निघालेले त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक आजही लोक वापरतात. तेही लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने चिमण्या मारीत. एकदा त्यांनी मारलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही कोणती चिमणी, हे त्यांना ठाऊक नव्हते. त्यांनी मामांना विचारले. मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनाही ते सांगता येईना. तेव्हा मामांनी त्यांना मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे पाठवले. तेथील मिलार्ड नावाच्या चिटणिसांनी त्या मुलाला चिमणीचे नाव तर सांगितलेच, शिवाय भुसा भरून ठेवलेले कितीतरी पक्षी दाखवले. तेथूनच त्यांचा पुढचा रस्ता सुरू झाला. ही हकिगत मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. त्यांच्या हातातही मेलेले पाखरू होते आणि माझ्या हातातही. त्यांनी विचारले, 'हे काय आहे?' मी विचारले नाही, सांगून मोकळा झालो.

आता शेवटचा भाग सांगतो. मी मुंबईच्या एका उर्दू शाळेत शिक्षक झालो. 2012 सालच्या डिसेंबर महिन्यात नववीच्या मुलामुलींना घेऊन मी बोरिवलीच्या उद्यानात गेलो होतो. कान्हेरी लेण्यांच्या वाटेवर एका ओढ्याकाठी आम्ही डबे उघडून बसलो. इतक्यात एक मुलगी माझ्याजवळ आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "सर, तिकडे एक पाखरू आहे. तुरा आहे, पण बुलबुल वाटत नाही. ते परत परत त्याच फांदीवर येऊन बसतंय. मला नाव माहीत नाही. तुम्ही बघता का?"

मी पाहिले. विटकरी पाठ, आखूड शेपटी, राखाडी गळा, काळा तुरा. सव्वीस वर्षांनी ती माझ्यासमोर जिवंत बसली होती. मी बराच वेळ काही बोललो नाही. मुलगी म्हणाली, "सर, काय झालं?" मी म्हणालो, "काही नाही, बेटा. तू जे विचारलंस ना, ते मी तुझ्या वयाचा असताना विचारायला हवं होतं."

त्या रात्री मी मामेभावाला फोन केला. तो आता परतवाड्यालाच असतो आणि लाकडाचे सामान बनवतो. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर मी म्हणालो, "तुला नाल्यावरचं ते पाखरू आठवतं?" तो म्हणाला, "आठवतं की. अब्बांनी मला एकदाच मारलं, ते कसं विसरीन?" मी म्हणालो, "ती चपराक माझी होती. मीच तुला साधं बुलबुल आहे म्हणून सांगितलं होतं. मला तेव्हाच मामूंना सांगायला हवं होतं. मला माफ कर."

पलीकडून थोडा वेळ काही आवाज आला नाही. मग तो म्हणाला, "भाईजान, दगड तर मीच मारला होता ना? अर्धा गुन्हा तुमचा, अर्धा माझा." आणि जरा थांबून म्हणाला, "पण अब्बा असते तर त्यांना तुम्ही सांगायला हवं होतं. ते मरेपर्यंत मला म्हणायचे, याला पाखरं ओळखता येत नाहीत."

मामूंना जाऊन तेव्हा तीन वर्षे झाली होती.

मुलांनो, 1972 सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानातली पाखरे मारणे हा गुन्हा ठरवला आहे. आम्ही गुलेल घेऊन हिंडत होतो तेव्हाही तो कायदा होता, पण आम्हांला त्याची खबर नव्हती. तुम्हांला ती आहे. म्हणून 'पाखरांना मारू नका' एवढेच सांगण्यासाठी मी ही हकिगत लिहिलेली नाही. ते तुम्हांला ठाऊकच आहे.

मला सांगायचे आहे ते एवढेच. तुम्ही वर्गात, घरात किंवा दोस्तांमध्ये असाल आणि कोणी विश्वासाने विचारील, "हे काय आहे?" तेव्हा माहीत असेल तर सांगा. माहीत नसेल तर 'मला माहीत नाही, आपण मिळून पाहू' असे म्हणा. त्याने कोणाची इज्जत जात नाही. आणि तुमच्या सांगण्यावरून कोणाच्या हातून काही चुकले, तर त्याच संध्याकाळी मान वर करून बोला. सव्वीस वर्षे थांबू नका.

आणि हो, या हिवाळ्यात तुमच्या गावाजवळच्या आमराईत किंवा ओढ्याकाठी जरूर जा. आवाज न करता सावलीत बसा. पांढरी फीत लहरत गेली तर आनंद होईलच. पण ती दिसली नाही तरी लगेच उठू नका. आखूड शेपटीचे, विटकरी रंगाचे एखादे तुरेवाले पाखरू फांदीवरून झेप घेऊन परत त्याच फांदीवर येते का, ते पाहा. आले, तर वहीत आधी तारीख लिहा.